बदलते पत्ते

३१ जुलै २०२५. शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात माझ्या आतेभावाच्या घरामागचं अंगण. दुपारचे साडेचार वाजलेत आणि लाकडी बाकावर बसलेल्यांपैकी कोणाचंच समोरच्या खाण्याकडे लक्ष नाही. शेजारचे आजोबा सत्तरी ओलांडलेले, शिकागो कब्जचे जन्मापासूनचे भक्त. त्यांचे मित्र शहराच्या दक्षिण भागातले निवृत्त इलेक्ट्रिशियन, आणि दुसऱ्या संघाचे, म्हणजे व्हाइट सॉक्सचे, तेवढेच कट्टर. माझा आतेभाऊ दादरला वाढलेला, पण इथं पंचवीस वर्षं काढल्यावर कब्जच्या पराभवानं त्याची झोप उडते. आणि आजोबांचा दहा वर्षांचा नातू. त्याच्या मांडीवर एक जाडजूड फाइल आहे. तिच्या प्रत्येक पानाला प्लास्टिकचे नऊ कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक बेसबॉलपटू.

पाच वाजता ट्रेडची मुदत संपणार होती. अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमध्ये तीस संघ आहेत आणि जुलैअखेरपर्यंत त्यांना आपसात खेळाडूंची अदलाबदल करता येते. खेळाडूचा करार संघाशी असतो आणि संघ तो करार दुसऱ्या संघाच्या हवाली करू शकतो. पगार तोच राहतो, मुदत तीच राहते, बदलतं ते गाव. बहुतेकांना त्यात विचारलं जात नाही. त्या आठवड्यात एकट्या मिनेसोटानं दहा-एक खेळाडू वाटून टाकले. त्यांतला विली कॅस्ट्रो कब्जकडे आला, तर कार्लोस कोरिया आपल्या जुन्या ह्यूस्टनला परतला.

"आम्हाला पिचर हवा होता," आजोबा म्हणाले.

"तुम्हाला १९६४ सालीही पिचरच हवा होता," इलेक्ट्रिशियन म्हणाले, आणि आजोबा गप्प झाले.

त्या एका वाक्याचा अर्थ समजून घेण्यात माझी संध्याकाळ गेली आणि पुढचे कित्येक दिवस. गप्पा तीनच गोष्टींभोवती फिरत होत्या: कोण कुठं गेला, कुठल्या मैदानाचं नाव काय झालं आणि कोणाचं कार्ड कोणाकडं आहे. मराठीत पत्ता म्हणजे राहण्याचं ठिकाण आणि पत्ता म्हणजे डावातलं पानही. त्या अंगणात मला वाटलं, या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात मावतात.

जे गेले त्यांची यादी

१५ जून १९६४ रोजी कब्जनी लू ब्रॉक नावाचा तरुण खेळाडू सेंट लुइस कार्डिनल्सला दिला आणि बदल्यात एर्नी ब्रॉलियो हा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, घेतला. दोन्ही बाजूंनी आणखी दोन-दोन जण होते, पण इतिहासानं ही दोनच नावं ठेवली. त्या दिवशी शिकागोत सगळे खूश होते. ब्रॉलियोनं आदल्या वर्षी १८ सामने जिंकून दिले होते आणि ब्रॉक अजून कच्चा वाटत होता. ब्रॉलियोचा कोपर मात्र कामातून जात चालला होता. कब्जसाठी तो एकंदर ७ सामने जिंकला, १९ हरला आणि १९६६ नंतर लीगमध्ये दिसला नाही. ब्रॉकनं त्याच वर्षी कार्डिनल्सला वर्ल्ड सिरीज, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकून दिली, कारकिर्दीत ९३८ बेस चोरले आणि १९८५ साली तो हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या मानाच्या दालनात गेला. पुढं दोघांची चांगली मैत्री झाली. शिकागोत आजही कुठल्याही फसलेल्या सौद्याला 'ब्रॉक-ब्रॉलियो' म्हणतात.

बॉस्टनची जखम आणखी जुनी. १९१९ च्या डिसेंबरात रेड सॉक्सचे मालक हॅरी फ्रेझी यांनी बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजना विकलं. किंमत एक लाख डॉलर. शिवाय यांकीजच्या मालकानं तीन लाखांचं कर्ज दिलं आणि त्यासाठी बॉस्टनचं फेनवे पार्क हे मैदानच तारण राहिलं. बॉस्टननं १९१८ साली विजेतेपद मिळवलं होतं, त्यानंतरचं मिळालं ते २००४ साली. मधल्या ८६ वर्षांत यांकीजनी २६ विजेतेपदं घेतली.

अदलाबदल किती तडकाफडकी होते, याचा नमुना म्हणजे ४ ऑगस्ट १९८२ चा दिवस. जोएल यंगब्लडनं दुपारी शिकागोत न्यूयॉर्क मेट्सकडून हिट मारली. सामना चालू असतानाच त्याला सांगितलं गेलं की, तुला माँट्रियलला दिलंय. तो विमानानं फिलाडेल्फियाला पोचला आणि रात्री माँट्रियलकडून आणखी एक हिट मारली. एकाच दिवशी दोन शहरांत, दोन संघांकडून. दुपारी समोर फर्ग्युसन जेन्किन्स होता आणि रात्री स्टीव्ह कार्लटन. दोघंही पुढं हॉल ऑफ फेममध्ये गेले.

पण आजोबांना खरं बोलायचं होतं ते २०२१ बद्दल. कब्जनी १९०८ नंतर थेट २०१६ साली वर्ल्ड सिरीज जिंकली. १०८ वर्षं. शेवटच्या क्षणी थर्ड बेसकडे आलेला घरंगळता चेंडू ख्रिस ब्रायंटनं उचलला आणि फेकताना त्याचा पाय घसरला. तरी चेंडू फर्स्ट बेसवर अँथनी रिझ्झोच्या ग्लोव्हमध्ये पोचला. रिझ्झोनं तो खिशात टाकला आणि अख्खं शहर रस्त्यावर आलं. २९ जुलै २०२१ ला रिझ्झो यांकीजकडे गेला. दुसऱ्या दिवशी ब्रायंट सॅन फ्रान्सिस्कोला आणि हावियर बाएझ मेट्सकडे गेला. चोवीस तासांत तिघं.

"माझे वडील १९०८ नंतर जन्मले आणि २०१६ च्या आधी गेले," आजोबा म्हणाले. "त्यांच्या वाट्याची ती कॅच मी पाहिली. ती पकडणाऱ्याला ज्यानं विकलं, त्याला मी काय म्हणू?"

हे दुःख आपल्याला परकं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्दिक पंड्या गुजरातकडून ट्रेडमध्ये मुंबई इंडियन्सकडे परतला, रोहित शर्माऐवजी कर्णधार झाला आणि २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. सौदा संघांनी केला होता. राग मात्र माणसावर निघाला.

नाही म्हणणारा माणूस

या सगळ्या बोलण्यात काही क्रियापदं सारखी येत होती: दिला, घेतला, विकला, टाकला. आपण वस्तूंसाठी वापरतो तीच क्रियापदं. ती एका खेळाडूला असह्य झाली, तेव्हा काय घडलं हे प्रत्येक क्रीडारसिकानं माहीत करून घ्यायला हवं.

कर्ट फ्लड हा कार्डिनल्सचा सेंटर फील्डर. बारा हंगाम सेंट लुइसला खेळलेला, उत्तम क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह सात वेळा मिळवलेला. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला फिलाडेल्फियाला ट्रेड केल्याचं फोनवरून कळलं. घर, मित्र, धंदा सगळं सेंट लुइसमध्ये. तेव्हा 'रिझर्व्ह क्लॉज' नावाचं कलम होतं. करार संपला तरी खेळाडूवर संघाचा हक्क राहायचा. संघ त्याला ठेवेल, विकेल किंवा काढेल, खेळाडूला मात्र दुसरा संघ निवडता येत नसे. २४ डिसेंबर १९६९ रोजी फ्लडनं बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिलं. त्यात त्याचं म्हणणं सरळ होतं: बारा वर्षांनंतर, माझी इच्छा न विचारता खरेदी-विक्री करावी अशी मी कोणाची मालमत्ता नाही.

हे लिहिणारा माणूस कृष्णवर्णीय होता आणि नागरी हक्कांच्या लढ्याच्या काळात मोठा झालेला होता. त्याला वर्षाला ९० हजार डॉलर मिळत आणि लोक विचारत, एवढा पगार घेणाऱ्याला कसली गुलामी? फ्लडचं उत्तर असं की, पगार मोठा असला म्हणून माणूस विकण्याचा हक्क कोणाला मिळत नाही.

त्यानं खटला भरला. जॅकी रॉबिन्सननं येऊन त्याच्या बाजूनं साक्ष दिली, पण तेव्हा खेळत असलेला एकही खेळाडू कोर्टात त्याच्या मागं येऊन बसला नाही. १९२२ सालच्या एका निकालानं बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली होती. १९७२ साली सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ३ मतांनी तीच सूट कायम ठेवली. फ्लड हरला. १९७० चा अख्खा हंगाम त्यानं गमावला होता आणि १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून १३ सामने खेळून त्याची कारकीर्द संपली होती.

पण भिंतीला तडा गेला होता. १९७३ पासून नियम आला: लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यांतली शेवटची पाच एकाच संघात काढलेल्या खेळाडूला त्याच्या संमतीशिवाय ट्रेड करता येत नाही. डिसेंबर १९७५ मध्ये लवाद पीटर सायट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरना मोकळं केलं आणि रिझर्व्ह क्लॉज कोसळला. आजच्या खेळाडूंचे कोट्यवधींचे करार त्या पायावर उभे आहेत. फ्लड जानेवारी १९९७ मध्ये वारला. पुढच्या वर्षी अमेरिकन काँग्रेसनं त्याच्या नावानं कायदा केला. हॉल ऑफ फेममध्ये त्याला अजून जागा मिळालेली नाही.

मैदानाला काय म्हणायचं?

दुसऱ्या दिवशी आम्ही शहरात गेलो. रेड लाइनची गाडी उत्तरेला ॲडिसन स्टेशनवर थांबते, तिथं रिगली फील्ड आहे. दक्षिणेला ३५ व्या रस्त्यावर उतरलं की व्हाइट सॉक्सचं मैदान. त्याचं आजचं अधिकृत नाव 'रेट फील्ड'. एका कर्ज देणाऱ्या कंपनीचं ते नाव. २०१६ ते २०२४ ते 'गॅरंटीड रेट फील्ड' होतं आणि त्याआधी, २००३ पासून, 'यू. एस. सेल्युलर फील्ड'. १९९१ साली बांधलं तेव्हा ते 'कोमिस्की पार्क' होतं, पलीकडेच ऐंशी वर्षं उभ्या असलेल्या जुन्या कोमिस्की पार्कचं नाव घेऊन आलेलं. आमचे इलेक्ट्रिशियन काका आजही कोमिस्कीच म्हणतात.

"माझ्या बापानं मला कोमिस्कीत आणलं होतं," ते म्हणाले. "बापानं सांगितलेला पत्ता मी बदलत नाही."

मी म्हटलं, रिगली हेही शेवटी च्युइंग गमच्या कंपनीचंच नाव की. ते खरं आहे. १९१४ साली ते मैदान चार्ल्स वीगमन यांनी बांधलं. त्यांची खानावळींची साखळी होती आणि मैदानाला नाव त्यांचंच होतं. कब्ज १९१६ मध्ये तिथं आले. पुढं विल्यम रिगली ज्युनियर या गमसम्राटाच्या हाती संघ आला आणि १९२० च्या दशकात मैदानाला त्यांचं नाव मिळालं. सेंट लुइसची गोष्ट याहून बोलकी आहे. १९५३ मध्ये बीअर उत्पादक ऑगस्ट बुश यांनी कार्डिनल्स विकत घेतले आणि मैदानाचं नाव 'बडवायझर स्टेडियम' ठेवायचं ठरवलं. कमिशनर फोर्ड फ्रिक यांनी बीअरचं नाव चालणार नाही असं बजावलं. मग बुश यांनी आपलं आडनाव दिलं, आणि १९५५ मध्ये त्यांच्या कंपनीनं 'बुश' नावाचीच बीअर बाजारात आणली.

तरीही रिगली आणि 'रेट' यांत फरक आहे. रिगली हे नाव शंभर वर्षं टिकलं, म्हणून त्यात लोकांच्या आठवणी साठल्या. वीस वर्षांच्या भाडेकरारावर आलेल्या नावात तेवढा वेळच मिळत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचं मैदान २००० साली 'पॅसिफिक बेल' होतं. मग ते 'एसबीसी', मग 'एटी अँड टी' झालं आणि २०१९ पासून 'ओरॅकल पार्क' आहे. वडील, मुलगा आणि नातू एकाच रांगेत बसले तर तिघं तीन नावं सांगतील.

ह्यूस्टनची कथा तर आपल्या कोकणापर्यंत येते. २००० साली तिथलं नवं मैदान उघडलं ते 'एन्रॉन फील्ड' म्हणून. तीस वर्षांसाठी दहा कोटी डॉलरचा करार होता. एन्रॉन कोण, हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही. गुहागरजवळचा दाभोळ वीज प्रकल्प, तो अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा, मग पुन्हा झालेला करार आणि न परवडणारी वीज, हे आपण भोगलेलं आहे. २००१ मध्ये दाभोळचा प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाअखेर अमेरिकेत एन्रॉन दिवाळखोरीत गेली. ह्यूस्टन ॲस्ट्रोजनी २१ लाख डॉलर मोजून आपल्याच मैदानावरची ती पाटी उतरवून घेतली. मग ते फळांच्या रसाच्या नावानं 'मिनिट मेड पार्क' झालं आणि २०२५ पासून वातानुकूलन यंत्रांच्या नावानं 'डायकिन पार्क' आहे. पुण्याजवळ गहुंजेला २०१२ साली 'सुब्रत रॉय सहारा स्टेडियम' उघडलं. ठरलेले पैसे न आल्यामुळं पुढच्याच वर्षी महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशननं ते नाव झाकलं आणि मग काढलं. पुणेकर आधीही गहुंजेच म्हणत होते, नंतरही गहुंजेच म्हणत राहिले.

कागदाचे वीर

फाइलवाल्या नातवाकडं आता वळतो, कारण सगळ्यांत टिकाऊ वस्तू त्याच्याकडं होती.

बेसबॉलची कार्डं सुरुवातीला मुलांसाठी नव्हतीच. ती सिगारेटच्या पाकिटात पाकीट ताठ ठेवायला घालत. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीनं काढलेल्या संचात पिट्सबर्गच्या होनस वॅगनरचं कार्ड होतं. ते त्यानं थांबवायला लावलं. मुलांनी तंबाखू विकत घेऊ नये म्हणून, असं काही सांगतात. पैसे न मिळाल्यामुळं, असं इतर सांगतात. परिणाम एवढाच की आज त्याच्या साठच्या आसपास प्रती उरल्या आहेत आणि २०२२ मध्ये त्यांतली एक साडेबहात्तर लाख डॉलरला गेली.

मुलांचं कार्ड घडवलं ते ब्रुकलिनच्या टॉप्स या गम कंपनीतल्या साय बर्गर यांनी. १९५१ च्या शरद ऋतूत घरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्यांनी सहकारी वूडी गेलमनबरोबर १९५२ च्या संचाची मांडणी केली. पुढं रंगीत चित्र, संघाचं चिन्ह, सही. मागं कारकिर्दीचे आकडे. एकूण ४०७ कार्डं. त्यांतली शेवटची मालिका हंगाम संपत आल्यावर निघाली. तोवर मुलं फुटबॉलकडं वळली होती. माल वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिला. बर्गर यांच्याच सांगण्यानुसार १९६० साली त्यांनी ती खोकी कचऱ्याच्या बोटीवर चढवून न्यू जर्सीच्या किनाऱ्यापलीकडं अटलांटिकमध्ये बुडवली. त्याच मालिकेत ३११ क्रमांकाचं मिकी मँटलचं कार्ड होतं. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याची एक उत्तम प्रत एक कोटी सव्वीस लाख डॉलरला विकली गेली. त्या वेळच्या दरानं सुमारे शंभर कोटी रुपये.

हा आकडा ऐकला की आपलेही डबे आठवतात. १९९० च्या आसपास बिग फन बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं निघायची. शाळेच्या मधल्या सुट्टीत आम्ही ती बदलायचो आणि एका उन्हाळ्यात घर रंगवताना माझा डबा रद्दीत गेला. अमेरिकेत याच पिढीचा उलटा घात झाला. जुन्या कार्डांच्या किमती पाहून १९८० च्या दशकाच्या शेवटी लोकांनी नवी कार्डं गुंतवणूक म्हणून घेतली आणि न फोडलेली खोकी माळ्यावर रचली. कंपन्यांनीही बेसुमार छापली. जे कोणीच टाकलं नाही ते दुर्मीळ होणार कसं? १९९४ च्या संपात वर्ल्ड सिरीजच रद्द झाली आणि बाजार बसला. आज त्या काळातली बहुतेक खोकी छापील किमतीलाही कोणी घेत नाही.

आताचा बाजार वेगळ्या वाटेनं चालतो. कार्ड तज्ज्ञांकडं पाठवायचं, ते कोपरे, कडा आणि छपाई तपासून दहापैकी गुण देतात आणि प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करतात. कंपन्या काही कार्डांची एकच प्रत काढतात. पिट्सबर्गचा तरुण पिचर पॉल स्कीन्स याच्या पहिल्या सामन्यातल्या जर्सीवरचा बिल्ला आणि सही असलेलं असं एकुलतं कार्ड २०२४ च्या नाताळात लॉस एंजेलिसमधल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या पाकिटात निघालं. पिट्सबर्गच्या संघानं त्याबदल्यात तीस वर्षांची हंगामी तिकिटं देऊ केली. कुटुंबानं ते लिलावात घातलं आणि मार्च २०२५ मध्ये ते ११ लाख १० हजार डॉलरला विकलं गेलं.

पण माझ्या मनात घर केलं ते जेफरसन बर्डिक या गृहस्थांनी. सिरॅक्यूजजवळ विजेच्या साहित्याच्या कारखान्यात काम करणारा साधा माणूस, संधिवातानं बोटं वाकडी झालेली. त्यांनी छापील कार्डं आणि चित्रं मिळून तीन लाखांहून अधिक कागद जमवले आणि त्यांना क्रमांक दिले. वॅगनरच्या संचाला आजही लोक 'टी-२०६' म्हणतात, ते त्यांच्याच यादीवरून. हा सगळा संग्रह त्यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला आणि वर्षानुवर्षं तिथं बसून तो स्वतःच्या हातांनी वह्यांत चिकटवला. जानेवारी १९६३ मध्ये काम संपलं, तेव्हा आपण पुन्हा येणार नाही असं सांगून ते बाहेर पडले आणि इस्पितळात दाखल झाले. दोन महिन्यांनी वारले. एक पैसा न घेता.

टोपीवरचा रंग

परतण्याच्या आदल्या दिवशी नातवानं मला फाइल नीट दाखवली. एका जुन्या कार्डावर खेळाडूची टोपी विचित्र दिसत होती. आजोबांनी समजावलं: छायाचित्र काढल्यावर याचा ट्रेड झाला, म्हणून छापखान्यात ब्रशनं नव्या संघाची टोपी रंगवली. पूर्वी असं सर्रास व्हायचं. १९७४ साली तर सॅन डिएगोचा पाड्रेज संघ वॉशिंग्टनला हलणार असं धरून टॉप्सनं काही कार्डांवर 'वॉशिंग्टन' छापलं. तेवढ्यात मॅकडोनाल्ड्सचे रे क्रॉक यांनी संघ विकत घेऊन तो तिथंच ठेवला. कधीच अस्तित्वात न आलेल्या संघाची ती कार्डं आजही लोक जपतात.

नातवाकडं रिझ्झोची दोन कार्डं होती, एक कब्जच्या निळ्या गणवेशातलं आणि एक यांकीजच्या. मी विचारलं, "बदलणार का एखादं?"

"यांकीजवालं देईन," तो म्हणाला. "निळं नाही. ते माझं आहे."

बरोबर आहे. ते त्याचं आहे. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये रिझ्झो निवृत्त झाला, तोही कब्जचा म्हणूनच, रिगली फील्डवर. त्या पोराला ते आधीच ठाऊक होतं.

कार्ड मुलाचं असतं, ते त्यानं बदलावं, विकावं, जपावं. मैदानाचं नाव कागदोपत्री कंपनीचं असतं, पण व्यवहारात ते पिढ्यान्‌पिढ्या उच्चारणाऱ्यांचं असतं. खेळाडू मात्र कोणाचाच नसतो, संघाचा नाही आणि आपलाही नाही. एवढी साधी गोष्ट सांगण्यासाठी कर्ट फ्लडनं आपली कारकीर्द दिली. आपल्याकडं आता दर हिवाळ्यात आयपीएलची अदलाबदल आणि लिलाव होतात. पुढच्या वेळी आपला आवडता खेळाडू दुसऱ्या रंगाची जर्सी घालून वानखेडेवर किंवा गहुंजेला उतरेल, तेव्हा ओरडण्याआधी क्षणभर थांबा. तो गेला नसेल, त्याला दिलं गेलं असेल. त्याच्यासाठी टाळ्या वाजवा.